रोजच्या फोटोंतून नवे काही सुचायचे असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फोनवर रोज फोटो काढले जातात, त्यांत घर असते, घरची माणसे असतात, जाता-येता दिसलेले काहीबाही असते. पण त्या फोटोंतून पुढे काही सुचत नाही. पूर्वी चित्रे काढण्याची आणि थोडेफार लिहिण्याची सवय होती, तीही अलीकडे मंदावली आहे. अशा वेळी प्रवास करावा, चांगला कॅमेरा घ्यावा की एखाद्या अभ्यासक्रमाला नाव घालावे, असे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे छायाचित्रण करतो आणि शिकवतो, आणि हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्याकडे सतत येतो. माझे मत असे की या तिन्हींपैकी कशाचीही तुम्हाला आज गरज नाही. तुमचे निम्मे काम होते आहे आणि निम्मे राहून जाते आहे. फोटो काढणे हे पहिले निम्मे; काढलेले फोटो काही काळाने समोर मांडून, वेळ देऊन पाहणे हे दुसरे. नवे काही सुचते ते बहुतेक वेळा या दुसऱ्या निम्म्यात. फोनने पहिला भाग इतका सोपा करून ठेवला आहे की दुसऱ्याची आठवणही राहत नाही, आणि साठलेले हजारो फोटो नुसते पडून राहतात.

त्याआधी एका समजाबद्दल बोलले पाहिजे. रोजच्या जागेत पाहण्यासारखे काही उरलेले नाही, म्हणून बाहेर पडायला हवे, असे अनेकांना वाटते. जोसेफ सुदेक या चेक छायाचित्रकाराचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला होता. 1940 ते 1954 या काळात त्यांनी प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो पुन्हा पुन्हा काढले. काचेवर साचलेले बाष्प, त्यातून ओघळणारे थेंब, बाहेरचे वाकडे झाड, हिवाळ्यातला बर्फ, खिडकीत ठेवलेला एखादा पेला किंवा फूल, यापलीकडे त्या फोटोंत फारसे काही नाही. हंगेरीत जन्मलेले छायाचित्रकार आंद्रे कर्टेस यांच्या पत्नीचे 1977 साली निधन झाले. त्यानंतर ऐंशी ओलांडलेल्या कर्टेस यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या घराच्या खिडकीत लहानसहान वस्तू मांडून पोलरॉइड एसएक्स-70 या लगेच छापील फोटो देणाऱ्या कॅमेऱ्याने त्यांचे फोटो काढले. त्यांतला काचेचा एक अर्धपुतळा पाहून त्यांना पत्नीची आठवण येत असे. या दोघांच्या कामातून लोक चिकाटीचा धडा घेतात. मला त्यातली रीत अधिक मोलाची वाटते. जागा एकच ठेवली की तिच्यात जे बदलते ते दिसू लागते. रोज नव्या जागी गेलात तर सगळेच नवे असते, आणि सगळेच नवे असताना नजर कुठेच ठरत नाही.

म्हणून पहिले काम अगदी साधे देतो. खिडकीजवळच्या टेबलावर पाण्याने भरलेला काचेचा पेला ठेवा आणि तो दिवसभर अधूनमधून पाहा. सकाळचे तिरपे ऊन त्यातून जाते तेव्हा टेबलावर पेल्याची नुसती सावली पडत नाही. सावलीच्या आत उजेडाची एक वाकडी, धारदार रेघ उमटते, कारण काच आणि पाणी मिळून भिंगाचे काम करतात आणि उन्हाचे किरण एका जागी आणतात. त्या रेघेची कड नीट निरखली तर तिथे तांबूस आणि निळसर छटा सापडतात. ऊन वर चढते तशी सावली आखडते आणि रेघ पेल्याच्या बुडाकडे सरकते. मध्येच ढग आला की रेघ पुसली जाते आणि सावलीची कड विरते, कारण आता उजेड सूर्याच्या लहानशा बिंबाकडून येत नसून अख्ख्या आभाळाकडून येतो आहे. उजेडाचा उगम जितका मोठा तितकी सावली मऊ, हा नियम पुस्तकात वाचून जितका कळतो त्याहून इथे पक्का कळतो, आणि एकदा तो असा कळला की माणसाच्या चेहऱ्यावरचा उजेडही तुम्ही वेगळ्या नजरेने पाहू लागता. त्या दिवशी फोटो तीन-चारच काढा. पाहण्याचा वेळ मात्र काढण्याच्या वेळेच्या कितीतरी पट असू द्या.

इथे फोन तुमच्या आड येतो, हे माहीत असलेले बरे. फोनमधले सॉफ्टवेअर अंधारी जागा उजळवण्याचा आणि सावल्या भरून काढण्याचा प्रयत्न करते, त्यामुळे डोळ्यांना जी खोली गडद आणि शांत दिसली ती फोटोत सपाट आणि करडी होऊन येते. बहुतेक फोनांत पडद्यावर बोट दाबून धरले की फोकस आणि एक्स्पोजर तिथेच थांबतात. मग बोट खाली सरकवून उजेड कमी करता येतो. अंधार अंधारासारखा राहू देण्यासाठी एवढी एक क्रिया पुरेशी आहे. रंगांचेही तसेच आहे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा लहान तितका उजेड पिवळसर, मोठा तितका निळसर. पिवळसर बल्बचा उजेड साधारण 2700 ते 3000 केल्विनचा असतो, दुपारच्या उन्हाचा साधारण 5500 केल्विनचा आणि निरभ्र आभाळाखालच्या सावलीचा 7000च्या वर. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा आपोआप करत असलेली रंगांची दुरुस्ती, हे सगळे फरक पुसून प्रत्येक फोटो एकसारखा पांढरा करू पाहतो. कॅमेऱ्याच्या एखाद्या ॲपमध्ये व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडावर कायम ठेवा. मग संध्याकाळी दिवा लावलेली खोली नारिंगी आणि तिच्या खिडकीबाहेरचा उजेड निळा असा खरा फरक फोटोत उतरतो. चित्रकाराला तर हा फरक म्हणजे हाती आलेला तयार विषय आहे.

कॅमेऱ्याबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे नाही. फोनची मुख्य लेन्स फिल्मच्या नेहमीच्या कॅमेऱ्यावरच्या साधारण 24 ते 28 मिलिमीटरच्या लेन्सच्या तोडीची असते, म्हणजे बऱ्यापैकी रुंद. तिचा गुण असा की ती तुम्हाला विषयाच्या जवळ जायला लावते. झूम न करता पावले टाकून जवळ जा, बसा, वाका. अंतर बदलले की मागचे-पुढचे नाते बदलते. नुसत्या झूमने ते बदलत नाही, फक्त कड कापली जाते.

बंधन घालून घेणे उपयोगी असते, पण ते कोणते हे विचारपूर्वक ठरवावे. आज लाल रंग, उद्या पाऊलखुणा, परवा प्रतिबिंब, अशा ठरवून दिलेल्या विषयांच्या याद्या सगळीकडे मिळतात. मला त्या फारशा पटत नाहीत. त्यांनी हात चालू राहतो हे खरे, पण शोध दुसऱ्याच्या प्रश्नाचा असतो आणि तो सापडला की तिथेच संपतो. त्यापेक्षा जागेचे, वेळेचे किंवा संख्येचे बंधन घ्या. फिल्मच्या रोलमध्ये 36 फ्रेम असत आणि त्या संपल्या की संपल्या, म्हणून प्रत्येक वेळी बोट दाबण्याआधी मनात एक लहानसा निर्णय होत असे. तो निर्णय परत मिळवण्यासाठी आठवड्याला 36 फोटो ही मर्यादा आजही चांगली आहे. जेमी लिव्हिंगस्टन या अमेरिकी छायाचित्रकाराने 31 मार्च 1979 पासून रोज एक पोलरॉइड फोटो काढला आणि 25 ऑक्टोबर 1997 रोजी, मृत्यूच्या दिवसापर्यंत, हा क्रम चालू राहिला. सहा हजारांहून अधिक फोटोंच्या त्या संग्रहात कित्येक फोटो एकेकटे पाहिले तर अगदी सामान्य आहेत. सलग पाहिले की मात्र मैत्री, प्रेम, काम आणि शेवटी आजारपण असे एक आयुष्य समोर येते. तुम्ही रोजच काढले पाहिजेत असा माझा आग्रह नाही. दिवस चुकला म्हणून उपक्रम सोडून देणारे लोक मी इतके पाहिले आहेत की आठवड्याचा हिशोब मला अधिक मानवी वाटतो.

आता दुसऱ्या निम्म्याकडे येतो, कारण तुमचे घोडे खरे तिथेच अडले आहे. फोटो काढल्यावर लगेच पाहू नका, निदान त्यावर निकाल देऊ नका. काढताना झालेले कष्ट, तेव्हाचा आनंद, समोरच्या माणसाशी असलेले नाते, हे सगळे काही दिवस फोटोला चिकटून असते आणि प्रत्यक्ष चौकटीत काय आले आहे ते दिसू देत नाही. दोन-तीन महिने जाऊ द्यावेत. मग त्यांतले साठ-सत्तर फोटो लहान आकारात, साध्या कागदावर छापून घ्या. छापण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो. पडद्यावर एका वेळी एकच फोटो दिसतो आणि बोट पुढच्या फोटोकडे धावते. जमिनीवर मांडलेले सत्तर फोटो मात्र एकाच नजरेत येतात, उचलता येतात, एकाशेजारी दुसरा ठेवता येतो. फिल्मच्या काळात कॉन्टॅक्ट शीट हेच काम करत असे. अख्खा रोल एका कागदावर छापलेला असायचा आणि छायाचित्रकार हातात भिंग घेऊन आपण काय पाहत होतो ते वाचायचा.

मांडताना तारखेचा क्रम मोडा. प्रसंगानुसार गठ्ठेही करू नका, कारण मग तो अल्बम होतो आणि अल्बम पाहताना आपण आठवणीत रमतो. काय पुन्हा पुन्हा आले आहे तेवढेच शोधा. तुम्ही माणसांपासून किती अंतरावर उभे राहता? चौकटीचा मध्य भरलेला असतो की रिकामा? उजेड कुठून येतो? कडेला काय कापले गेले आहे? हात अधिक आहेत की चेहरे? काही फोटो उलटे धरून पाहा. वस्तूंची नावे डोक्यातून जातात आणि गडद-फिकट आकारांची रचना तेवढी उरते. चांगला फोटो आणि वाईट फोटो हा भेद या बैठकीत करायचाच नाही, कारण ज्या फोटोंत तुमची खरी ओढ दिसते ते अनेकदा हललेले किंवा अर्धवटच असतात.

कथा लिहिणारी एक विद्यार्थिनी आपल्या घराचे फोटो घेऊन आली होती. तिच्या मते तो संग्रह घरातल्या निवांतपणाबद्दल होता. आम्ही ते जमिनीवर पसरले आणि थोड्याच वेळात दिसले की त्यांतल्या बऱ्याच फोटोंत एक अर्धे उघडे दार आहे. एका फोटोत उजव्या कडेला फक्त कोपर होते, बाकीचा माणूस चौकटीबाहेर गेलेला. एकात उंबरठ्यावर उचललेली टाच. एकात खुर्चीच्या पाठीवर टाकलेला कोट आणि मागच्या भिंतीवर दारातून आलेला उजेडाचा पट्टा. निवांतपणा त्यांत कुठेच नव्हता; त्या घरातले प्रत्येक जण निघण्याच्या बेतात होते. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने ते दारांचे फोटो वेगळे काढले आणि पुढे त्यांवरून जिथे कोणीच पुरते बसत नाही अशा एका घराची गोष्ट लिहिली. त्यातला एकही फोटो भिंतीवर लावण्याजोगा नव्हता. ती गोष्ट मात्र तिला दुसऱ्या कोणत्याही वाटेने सापडली नसती, असे मला मनापासून वाटते. काढताना डोळ्यांनी निवड केली होती आणि मनाला त्याचा पत्ता नव्हता. रोजच्या फोटोंचे सामर्थ्य यातच आहे. ठरवून काढलेल्या फोटोत आपल्याला आधीच माहीत असलेले उतरते. सहज काढलेल्या फोटोंच्या ढिगात आपल्याला माहीत नसलेले उतरलेले असते, आणि ते ढिगातच ओळखू येते.

तुम्ही चित्रे काढत होता, लिहीत होता, म्हणून पुढच्या पायरीबद्दल थोडे सविस्तर सांगतो. चित्रकारांनी घरगुती फोटोंचा उपयोग पूर्वीपासून केला आहे. पिएर बोनार आणि एदुआर व्हुइयार या दोन्ही फ्रेंच चित्रकारांकडे कोडॅकचे लहान कॅमेरे होते आणि ते घरच्या माणसांचे, बागेचे, मित्रांचे फोटो काढत. त्यांची चित्रे पाहिली तर फोटोची नक्कल दिसत नाही. कडेला कापलेली आकृती, खूप जवळ आलेला टेबलाचा कोपरा अशी चौकटीची धिटाई दिसते. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी 1982 साली एकाच दृश्याचे अनेक पोलरॉइड फोटो काढून ते शेजारी शेजारी जोडले, कारण एका क्लिकमध्ये येणारे दृश्य आणि डोळा फिरवत वेळ घेऊन पाहिलेले दृश्य यांत त्यांना मोठे अंतर दिसत होते. म्हणून माझी सूचना अशी की फोटो समोर ठेवून जसाच्या तसा रंगवू नका. फोटोत सगळे निर्णय आधीच झालेले असतात, तुमच्यासाठी काही उरत नाही. फोटो पाच मिनिटे पाहा, पालथा ठेवा आणि जे लक्षात राहिले त्याचे हाताच्या तळव्याएवढे रेखाटन करा. जे गळले ते बहुधा गळण्याजोगेच होते.

लिहिण्यासाठी उलटी दिशा धरावी. फोटोत काय दिसते त्याचे वर्णन करण्यात फारसा अर्थ नाही, कारण ते फोटोनेच केलेले असते. चौकटीच्या लगेच बाहेर काय होते, क्षणभर आधी कोण काय बोलले, कॅमेरा धरलेला माणूस तिथे का थांबला, यांपैकी एका गोष्टीवर पानभर लिहा. दोन परस्परांशी संबंध नसलेले फोटो शेजारी ठेवले आणि त्यांच्यामध्ये काय घडले असेल असा प्रश्न घातला तर आणखी चांगले. ज्यांना लिहिण्याआधी रिकाम्या पानाची भीती वाटते त्यांना ही जोडीची रीत हमखास चालना देते, असा माझा शिकवण्यातला अनुभव आहे.

फोटो काढल्याने प्रत्यक्ष पाहणे कमी होते का, ही शंका अशा वेळी अनेक जण काढतात आणि ती रास्त आहे. लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञांनी संग्रहालयात केलेला एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्या वस्तूंचे पूर्ण फोटो काढले त्या लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला तेव्हा ही घट दिसली नाही. मी यातून एवढेच घेतो की सगळे टिपून ठेवू या वृत्तीने काढलेला फोटो लक्ष ढिले करतो, आणि त्यात नेमके काय हवे हे ठरवून काढलेला फोटो लक्ष जागे ठेवतो. माझ्या हाताचा अनुभवही याच बाजूचा आहे.

घरच्या माणसांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. ती तुमच्या फोटोंत सर्वांत अधिक असणार, कारण तीच जवळ असतात. त्यांना हसायला सांगू नका, ती कामात असताना काढा, पण तुम्ही काढत आहात हे त्यांना ठाऊक असू द्या. फोटो बाहेर कुठे दाखवायचा असेल तर विचारा आणि नकार आला तर तो पाळा. मुलांच्या बाबतीत तर विशेष जपावे, कारण त्यांना आज होकाराचा अर्थ कळत नसतो. अमेरिकी छायाचित्रकार निकोलस निक्सन यांनी पत्नी आणि तिच्या तीन बहिणींचा फोटो 1975 पासून 2022 पर्यंत दर वर्षी काढला, चौघींचा उभे राहण्याचा क्रम तोच ठेवून. ते काम इतके आतले असूनही कुठे ओरबाडल्यासारखे वाटत नाही, याचे कारण त्या चौघी त्यात स्वतःहून सहभागी आहेत हे प्रत्येक फोटोत दिसते.

हे फोटो सुरुवातीला कोणाला दाखवू नयेत, असेही मी सुचवेन. चटकन मिळालेली पसंती तुमच्या निवडीला वळण लावते आणि मग तुम्ही पुन्हा तसेच फोटो काढू लागता. या मुद्द्यावर अमेरिकी छायाचित्रकार व्हिव्हियन मायर यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. मुले सांभाळण्याचे काम करत त्यांनी लाखाहून अधिक निगेटिव्ह जमवल्या आणि 2007 साली त्यांचे सामान लिलावात विकले गेले तेव्हा कुठे ते काम उजेडात येऊ लागले. मला त्या कामाबद्दल अपार आदर आहे, पण लोक विसरतात की त्यांतले शेकडो रोल त्यांनी कधी धुतलेच नव्हते. इतक्या तयार नजरेच्या बाईंना स्वतःचे कितीतरी फोटो पाहायलाच मिळाले नाहीत, हे मला वाईट वाटण्याजोगे नुकसान वाटते. त्यामुळे लगेच दाखवू नका हे जितके खरे, तितकेच स्वतः पाहायचे टाळू नका हेही. एका विश्वासू माणसाला तीन महिन्यांनी मांडणी दाखवावी आणि आवडले का असे न विचारता तुला काय दिसते असे विचारावे.

प्रवासाचे म्हणाल तर जरूर करा, पण या मांडणीनंतर करा. आपण दारांकडे ओढले जातो हे कळलेला माणूस नव्या शहरात जातो तेव्हा त्याच्याजवळ प्रश्न असतो. अभ्यासक्रमालाही तेच लागू आहे. छापलेले फोटो पाहताना तुम्हाला एखादी ठोस अडचण जाणवेल, उदाहरणार्थ कमी उजेडातले चेहरे चिखलासारखे येतात, किंवा सत्तर फोटोंतून बारा निवडून त्यांचा क्रम लावता येत नाही. पहिली अडचण असेल तर उजेडाचे तंत्र शिकवणारा वर्ग शोधा, दुसरी असेल तर फोटोंची निवड आणि मांडणी शिकवणारा. आणि जाताना ते सत्तर प्रिंट बरोबर न्या.